मोटारींतील गारवा व रस्त्यावरील खडा

वैशाखांतल्या दुपारीं हिंगोलीहून नांदेडास निघालेली मोटार पुष्कळदां सहलीस निघालेली नसते. तिच्या मागच्या बाकावर कोणाची वृद्ध आई टेकून बसलेली असते, कधीं एखादी बाळंतीण असते, कोणाच्या हातांत तपासणीचे कागद असतात. कारण मोठ्या इस्पितळाचें काम पडलें कीं या जिल्ह्यांतील माणसास अजूनहि बहुधा नांदेडचीच वाट धरावी लागते. रस्ता ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा, बाहेर उष्णतामान ४२ अंशांच्या आसपास. आणि कळमनुरी मागें पडून आखाडा बाळापूर यावयाचें असतें, इतक्यांत मोटारींतील गार वारा कोमट होतो व पांच-दहा मिनिटांत पुरता उष्ण होतो. चालविणारा कळ फिरवून पाहतो. पंखा जोरांत चालूं असतो, वाराहि भरपूर येत असतो, मात्र त्यांत गारव्याचा लेश नसतो. मोटार कोठें आदळलेली नसते. तिच्या दर्शनी भागावर साधा ओरखडाहि दिसत नाहीं. काय झालें हें दुसऱ्या दिवशीं गॅरेजांत कळतें. पुढच्या जाळीच्या आड बसविलेल्या काँडेन्सरला हरभऱ्याएवढ्या खड्यानें भोंक पाडलेलें असतें.

मोटारींतील एसी म्हणजे श्रीमंतीचा थाट, ही समजूत एके काळीं खरी होती. अमेरिकेंत १९४० सालच्या पॅकार्ड मोटारींत हें यंत्र प्रथम कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागलें, तेव्हां त्याचा बराचसा पसारा मागच्या बाकाच्या पाठीमागें असे. आणि तें बंद करावयाचें झाल्यास खालीं उतरून, इंजिनावरील झांकण उघडून, पट्टाच काढून ठेवावा लागे! आपल्याकडील छावण्यांतून त्यापूर्वीं वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून उन्हाळा निभावीत. हिंगोली हीहि हैदराबाद काँटिंजंटची एक जुनी छावणीच. आज लहानांतल्या लहान मोटारींतहि एसी असतो, आणि आजाऱ्यास घेऊन भर दुपारीं निघणाऱ्या घरास तो चैनीचा विषय वाटेनासा झाला आहे. असें असतां ज्या भागावर हा सारा गारवा अवलंबून, तो भाग मोटारीच्या अगदीं तोंडाशीं, जवळजवळ उघड्यावर बसलेला असतो, याची जाणीव फारच थोड्या मालकांस असते.

तो तेथें कां बसविला, हें समजून घेतल्यास पुढील सर्व उपाय आपोआप समजतील. एसींतील गॅस मोटारीच्या आंतील उष्णता शोषून घेतो. ती उष्णता त्यानें कोठें तरी बाहेर टाकली पाहिजे. काँप्रेसर या गॅसास दाबून तापवितो व काँडेन्सरकडे ढकलतो. तेथें समोरून येणाऱ्या वाऱ्यानें गॅसची उष्णता हरण होते आणि वाफेचा द्रव होतो. पाण्याच्या वाफेचे थेंब झांकणीवर जमावे तसाच हा प्रकार. पुढें तोच द्रव एका अरुंद तोंडांतून सुटतांच प्रसरण पावतो, थंड होतो, आणि आंतील वारा गार करतो. अर्थात् वारा जेथें सर्वांत अधिक लागेल तेथेंच काँडेन्सर असावयास हवा, आणि अशी जागा मोटारींत एकच आहे: रेडिएटरच्याहि पुढें, बंपरच्या मागें. जेथून वारा येतो तेथूनच खडाहि येतो, ही यांतील खरी अडचण होय.

काँडेन्सरची घडणहि नाजूक. त्यांत अल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांची एक चवड असते आणि दोन नळ्यांमध्यें कागदासारख्या पातळ पत्र्याचे पन्हळी पापुद्रे असतात. नळीची भिंत मिलिमीटरच्या एका अंशाएवढीच जाड असते. ती जाड केली तर उष्णता बाहेर पडण्यास वेळ लागेल, वजन वाढेल, किंमतहि वाढेल. म्हणून कारखानदारांनीं ती पातळ ठेवली आहे, आणि त्यास सर्वस्वी दोष देतां यावयाचा नाहीं. उन्हाळ्यांत या नळ्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १५ ते १८ किलोपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या सुमारें सातपट. एवढ्या दाबाखालीं सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें तरी गॅस राहत नाहीं. पापुद्रे वांकले तर मात्र तितकें बिघडत नाहीं; दोन-चार ठिकाणीं चेपलेले पापुद्रे पाहून घाबरण्याचें कारण नसतें. घात होतो तो नळीवर बसलेल्या घावानें.

आतां हा खडा येतो कोठून? पुढच्या वाहनाच्या चाकानें तो बंदुकीच्या गोळीसारखा मागें झाडला, अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुतः बहुतेक वेळां चाक त्याला फक्त वर उडवितें. तो क्षणभर हवेंत तरंगतो आणि मागून येणारी मोटार आपल्याच वेगानें त्याच्यावर जाऊन आदळते. आघात किती जोराचा व्हावा हें म्हणून मुख्यतः आपल्या चालकाच्या हातीं असतें. तोळाभर वजनाचा खडा ताशीं ८० किलोमीटरच्या वेगानें लागला तर त्याचा आघात एक किलोचें वजन जवळजवळ एक फुटावरून पडावें एवढा होतो, आणि तोहि खड्याच्या टोंकाशीं एकवटलेला. वेग ८० वरून ६० वर आणला तर हा आघात निम्म्याच्या जवळपास येतो, कारण आघाताची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते. नांदेडच्या वाटेवर तीस किलोमीटरांचा टापू खडीचा आहे असें धरलें, तर तेवढ्यापुरता वेग ६० ठेवल्यानें साडेसात मिनिटें अधिक लागतात.

१९९९ सालीं परभणींतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची भूमि काळ्या मातीची व खालीं काळ्या पाषाणाची. त्याच पाषाणाची खडी, जिला या भागांत गिट्टी म्हणतात, रस्त्यांच्या कामीं येते; आणि फुटलेल्या काळ्या पाषाणाला धार असते. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड या राष्ट्रीय महामार्गाच्या मोठ्या भागाचें चौपदरीकरण गेल्या कांहीं वर्षांत झालें, त्यामुळें प्रवास सुखाचा झाला यांत शंका नाहीं. परंतु चांगल्या रस्त्यानें वेग वाढला, आणि खडा कांहीं नाहींसा झाला नाहीं. खडी वाहणारे हायवा त्याच रस्त्यानें जातात व पुष्कळदां त्यांवर ताडपत्री नसते. सेनगांव, औंढा, वसमत यांकडील आडरस्त्यांवर डांबराच्या नव्या थरावर पसरलेली बारीक खडी पुरती दबण्यापूर्वींच वाहतूक सुरू होते. शेतांतून निघालेला ट्रॅक्टर चाकांबरोबर मातीचीं ढेंकळें डांबरावर आणून टाकतो. तीं वाळून फुटलीं म्हणजे त्यांतील खडे मोकळे होतात. उंसाच्या हंगामांत वसमतच्या बाजूस ट्रॉल्यांतून गळणारें पाचट नळ्या फोडीत नाहीं, पण तें काँडेन्सरच्या तोंडाशीं अडकून वारा अडवितें. कापसाच्या गाड्यांमागून जातांना उडणारे तंतूहि तेंच करतात.

उपाय म्हणून लोक प्रथम जाळीकडे धांवतात. जाळी उपयुक्त आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकाचा उपाय होय. पहिला उपाय अंतर. हायवा पुढें असेल तर त्याच्या व आपल्यामध्यें निदान तीन सेकंदांचें अंतर असावें. रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाजवळून तो गेला कीं मोजावयास लागावें. ८० च्या वेगास हें अंतर ६६ मीटर भरतें. तेवढ्या अवकाशांत उडालेले बहुतेक खडे खालीं बसलेले असतात. ओलांडून पुढें जावयाचें तर एकदम आणि मोकळ्या रस्त्यावर जावें. त्याच्या मागच्या चाकांशीं चिकटून संधीची वाट पाहणें हा सर्वांत वाईट प्रकार, आणि दुर्दैवानें तोच सर्वांत अधिक आढळतो.

जाळी बसवावयाची तर कोणती, येथेंच बहुतेकांचें चुकतें. घरांत उरलेली मच्छरदाणीची जाळी बंपरच्या मागें ताणून बसविली जाते आणि आतां मुंगीहि आंत जाणार नाहीं असें समाधान मानलें जातें. मुंगी जात नाहीं हें खरें. वाराहि जात नाहीं. हिशेब अगदीं सोपा आहे. एक मिलिमीटरचें छिद्र व ०.३ मिलिमीटरची तार असेल तर जाळीचा शेंकडा ५९ भागच मोकळा राहतो, आणि पावसाळ्यानंतरच्या एकाच रात्रीच्या प्रवासांत किडे व धूळ यांनीं त्यांतला बराच बुजतो. उलट सहा मिलिमीटरचें छिद्र व एक मिलिमीटरची तार घेतली तर शेंकडा ७३ भाग मोकळा राहतो, बारीक धूळ निघून जाते, आणि नळी फोडण्याजोगा बहुतेक खडा अडतो. त्याहून लहान खडा आंत गेला तरी त्याच्या अंगीं फारसा जोर नसतो. वारा अडला तर गॅसचा दाब चढतो, गारवा घटतो, काँप्रेसरवर ताण पडतो आणि रेडिएटरहि तापतो. अशा वेळीं खड्यापासून वांचविलेलें यंत्र उष्णतेनें बिघडण्याची पाळी येते.

जाळी काँडेन्सरला टेकतां कामा नये. दोहोंत निदान दोन बोटांचें अंतर हवें, नाहीं तर खड्याचा घाव जाळी तशीच नळीवर पोंचविते. ती काँडेन्सरला बांधूं नये. बंपरच्या आंतील प्लॅस्टिकच्या चौकटीस बांधावी, म्हणजे हादऱ्यानें घासून नळीस भोंक पडण्याची भीति राहत नाहीं. उघडी लोखंडी तार अल्युमिनियमला लागून ओल राहिली तर अल्युमिनियम गंजूं लागतें, यास्तव प्लॅस्टिकचा लेप असलेली जाळी बरी. अलीकडील कांहीं मोटारींत पुढील वाहनाचें अंतर मोजणारें रडार याच भागांत असतें. त्याच्यासमोर धातूची जाळी आणूं नये. पुष्कळ मोटारींची वरची जाळी नुसती शोभेची व मागून बंद असते, आणि खरें उघडें तोंड खालीं, क्रमांकाच्या पाटीखालीं असतें. रुपये खर्चण्यापूर्वीं विजेरी घेऊन, गुडघे टेकून, तेथें एकदां पाहावें. काँडेन्सर कोठून दिसतो तेवढ्याच भागास जाळीची गरज आहे.

धुण्याविषयींहि एक गोष्ट सांगण्यासारखी. धुलाईच्या ठिकाणीं जोरदार पाण्याची गन जवळून काँडेन्सरवर मारतात. त्या धारेनें पापुद्रे आडवे होतात, आणि खड्यांनीं वर्षभरांत केलें नसेल तेवढें नुकसान दोन मिनिटांत होतें. बागेच्या नळीचें साधें पाणी, थोड्या अंतरावरून, सरळ समोरून सोडलें म्हणजे पुरे.

इतकें करूनहि भोंक पडलेंच तर? प्रथम एसी बंद करावा व खिडक्या उघडाव्या. केवळ एवढ्यानें मोटार अडत नाहीं; इंजिनाचा कांटा ठिकाणीं असेल तर पुढचा प्रवास करतां येतो. काँप्रेसरला वंगण मिळतें तें गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलांतून. गॅस गेलेला असतां एसी चालविण्याचा हट्ट धरला तर एका भागाच्या खर्चांत दुसऱ्याची भर पडण्याचा धोका असतो. नव्या मोटारींत दाब उतरतांच काँप्रेसर आपोआप थांबतो, तरी कळ बंद करण्यास कांहीं पडत नाहीं.

गॅरेजांत गेल्यावर "गॅस कमी झाला आहे, भरून देतों" असें उत्तर मिळालें तर मालकानें सावध व्हावें. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाहीं. तो गेला असेल तर कोठून तरी गेला असला पाहिजे, आणि तें ठिकाण न शोधतां भरलेला गॅस आठ-पंधरा दिवसांत त्याच वाटेनें जातो. असे दोन-दोन, तीन-तीन वेळां पैसे भरलेले सद्गृहस्थ प्रत्येक गांवीं आढळतात. गळती शोधणें अवघड नसतें. गॅसबरोबर तेल बाहेर पडतें व त्यावर धूळ चिकटते. काँडेन्सरच्या तोंडावर तेलकट काळा डाग दिसला तर निम्मा शोध तेथेंच लागला. उरलेल्यासाठीं नायट्रोजन भरून दाबाची परीक्षा घेतात. पातळ नळीला डाक देऊन ती टिकेल असा भरवसा धरूं नये. बहुधा काँडेन्सर बदलावाच लागतो, आणि ओल शोषणारा सुकविणारा भाग त्याच वेळीं बदलून, सारी हवा पंपानें ओढून घेऊन मगच गॅस भरावा. खड्यानें झालेलें नुकसान बाहेरच्या आघाताचें म्हणून सामान्यतः कारखान्याच्या हमींत धरीत नाहींत. सर्वसमावेशक विमा असेल तर मात्र त्याचा कागद वाचून, काम सुरू करण्यापूर्वींच विमा कंपनीस कळवावें. भाग काढून टाकल्यावर सांगून उपयोग होत नाहीं.

फुकट गेलेला गॅस हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न नव्हे. आर-१२ हा जुना गॅस ओझोनच्या थरास घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागें पडला. त्याच्या जागीं आलेला १३४-ए हा त्या दृष्टीनें निरुपद्रवी असला तरी वातावरण तापविण्यांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४०० पट आहे. लहान मोटारींतील अर्धा किलो असा गॅस उडून गेला, तर तो सुमारें ३०० लिटर पेट्रोल जाळल्याएवढा भार वातावरणावर टाकतो.

उंसाचा हंगाम सरत आलेला असतो व ऊन अजून तापलेलें नसतें, असा होळीच्या सुमाराचा एखादा दिवस या तपासणीस सोयीचा. अडकलेलें पाचट व कापूस हातानें काढावा, पाण्यानें धुवावें, तेलकट डाग आहे कीं काय पाहावें, जाळीची बांधणी हलवून पाहावी. जाळी नवी बसविली असेल तर ती कायम करण्यापूर्वीं एका तापल्या दुपारीं एसी चालूं ठेवून, भरल्या मोटारीनें कळमनुरीपर्यंत एक फेरी मारावी. इंजिनाच्या उष्णतेचा कांटा नेहमींपेक्षां वर चढला, किंवा गावांतल्या गर्दींत मोटार थांबतांच गारवा कमी पडूं लागला, तर जाळी फार बारीक आहे असें समजावें व ती काढून अधिक मोठ्या छिद्रांची आणावी.