हरणीला थांबवायला मी शिकले



गटाच्या बैठकीत सहयोगिनी म्हणून मी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि कर्जफेड याच गोष्टी बोलते. आज मात्र माझ्या हरणीबद्दल बोलणार आहे. हरणी म्हणजे माझी कारवान कुत्री. माहेराहून आणली तेव्हा ओंजळीत मावत होती. आता उभी राहिली की माझ्या मांडीला डोकं लागतं.

आमच्या जत भागात हे कुत्रं नवं नाही. लांब तोंड, खोल छाती, पोट खपाटीला गेलेलं. नवखा माणूस विचारतो, "हिला खायला घालत नाही का?" सासूबाई रोज तिला दुधात भाकरी कुस्करून घालतात, त्यांना या प्रश्नाचा फार राग येतो. पण ही तिची ठेवणच आहे. काही शिकारी कुत्री वासावर माग काढतात, काही नजरेवर धावतात. कारवान ही नजरेवर धावणारी. शेजारच्या कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 साली टपाल खात्यानं तिचं तिकीटसुद्धा काढलं.

पूर्वी लोक ही कुत्री सशामागे सोडायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार आता गुन्हा आहे. पण पळण्याची हौस तर तिच्या रक्तात आहे. म्हणून मी तिला मैदानावर न्यायला लागले. "बाईमाणूस कुत्रं घेऊन मैदानात उतरणार?" असं घरात आणि गावात बोललं गेलं. मी उतरले.

आम्ही तीन प्रकारांत भाग घेतला. पहिला श्वान प्रदर्शनाचा. तिथे परीक्षक दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, चाल पाहतात. हरणीला परक्याचा हात खपत नाही. पहिल्या वर्षी तिनं अंग चोरलं आणि आम्ही रिकाम्या हातानं परतलो. मग मी गटातल्या बायकांनाच कामाला लावलं. बैठकीला आलेल्या प्रत्येकीनं आधी हरणीच्या पाठीवर हात फिरवायचा. वर्षभरात ती शांत उभी राहायला शिकली.

दुसरा प्रकार आज्ञापालनाचा. 'थांब' म्हटलं की थांबायचं, 'ये' म्हटलं की यायचं. मैदानाच्या कडेनं टिटवी उडाली आणि हरणी दोरीसकट पसार! सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना विचार केला, असंच रस्त्यावर झालं तर? काही दिसलं की या जातीच्या कानावर हाक पडत नाही. तेव्हापासून रोज सकाळी पाच मिनिटं सराव. हाक मारायची, आली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. पुढच्या वर्षी तिसरा नंबर आला.

तिसरा प्रकार शर्यतीचा. दोरीला बांधलेली चिंधी मशीननं ओढतात आणि कुत्री तिच्यामागे सुटतात. हरणी सुटली की चारही पाय जमिनीवरून उचललेले दिसतात. ते बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

पण मैत्रिणींनो, माझ्या हातून चूक झाली तीही याच शर्यतीत. चैत्रातली जत्रा होती. सकाळची फेरी हरणीनं जिंकली. शेवटची फेरी लांबत लांबत दुपारी बारावर गेली. ती धापा टाकत होती, लाळ घट्ट झाली होती. मला दिसत होतं. पण 5,000 रुपयांचं बक्षीस होतं, आणि जे मला हसले होते ते सगळे समोर उभे होते. मी तिला सोडली. ती पळाली, दुसरी आली आणि माझ्यापाशी येऊन झोकांडी खाऊन पडली.

हिरड्या लालभडक झालेल्या. सावलीत घेतली, पोटावर, मांड्यांत आणि पंजांवर पाणी ओतत राहिलो, पदरानं वारा घातला. एकानं तोंडात पाणी ओतायला घेतलं, त्याला थांबवलं. शुद्ध नसताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी ताप मोजला, 106 अंश. कुत्र्याचं नेहमीचं अंग 101 ते 102.5 अंश असतं. डॉक्टर म्हणाले, "तिला घाम येत नाही हो आपल्यासारखा. धाप टाकूनच अंग थंड करते ती. आणखी उशीर झाला असता तर गेली होती."

दोन रात्री मी तिच्याजवळ बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी ती उठली. मी भिंतीला टांगलेली दोरी हातात घेतली, तर शेपूट हलवून निघाली मैदानाकडे! तेव्हा मला रडू आलं. चिंधी दिसली की ती पळणारच. 'आता पुरे' हे तिला म्हणता येत नाही, ते मीच म्हणायला हवं होतं.

आता आमचे नियम ठरलेले आहेत. उन्हाळ्यात शर्यत नाही. सकाळी नऊनंतर पळवायची नाही. आधी पोटभर खाणं नाही, सोबत पाण्याची घागर आणि ओलं पोतं. पळाल्यावर पंजे आणि नखं तपासायची. आणि काही वेळानं धाप बसली नाही तर पुढची फेरी नाही.

गेल्या हिवाळ्यात ती शेवटच्या फेरीत पोहोचली. पण धाप बसेना, म्हणून मी नाव मागे घेतलं. दीर दोन दिवस बोलले नाहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "कप काय चुलीत घालायचाय? पोर घरी आली ना?"

आपल्या गटातही अशा हरण्या आहेत. अंगात ताप असला तरी खुरपायला जातात आणि "होतंय की" म्हणतात. या महिन्याच्या बैठकीत हप्त्याची वही उघडण्याआधी शेजारी बसलेलीकडे नीट बघा. चेहरा उतरलेला दिसला तर तिला विचारा, आणि गरज असेल तर दवाखान्यात सोबत जा.

आणि घरात कुठलंही जनावर असेल, तर या उन्हाळ्यात त्याला सावली आणि पाणी द्यायला विसरू नका. हरणी आत्ता माझ्या पायाशी झोपली आहे. तिच्या वतीनंही तुम्हाला नमस्कार.