दोघांचं गाणं आणि तिकिटाचं पुस्तक



पत्रिकेवर विषय छापलाय 'मराठीतली स्वतंत्र जोडी'. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे तुम्हाला नव्याने काय सांगायचे! एक डॉक्टर, एक इंजिनिअर, दोघंही पुण्याचे. २००३ साली त्यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू झाला. 'अग्गोबाई ढग्गोबाई' तर तुमच्या नातवंडांना पाठ आहे. ते सगळं सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच, की ही जोडी तिकीटखिडकीनं जगवली.

१९९६ आठवा. हरिहरन आणि लेस्ली लुईस 'कलोनियल कझिन्स' म्हणून आले. गिटारीच्या अंगानं चाललेल्या पॉपमध्ये मधेच सरगम यायची. देखणं काम! पण त्या सगळ्या पॉपचा संसार कॅसेट कंपन्या आणि टीव्हीच्या जिवावर होता. कॅसेटचा बाजार बसला आणि लाट ओसरली. सलील-संदीपचेही अल्बम निघाले, पण खरा आधार प्रयोगाचा. पेटी, शेजारी कवी, मागे वादक आणि समोर पैसे मोजून बसलेली माणसं. हजाराच्या वर प्रयोग झाले ते असे.

आता आपल्याकडची एक गोष्ट. दोनच मिनिटं.

१९९९ साली आपल्या अमरावतीची दोन पोरं होती. एक गिटार वाजवायचा, दुसरा लिहायचा आणि गायचा. ठेका रॉकचा, शब्द वऱ्हाडी. अकोल्यात त्यांचा कार्यक्रम मी ठरवला. एसटीनं निघालो. गिटारीला खोळ नव्हती, आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी पोरगं ती मांडीवरून खाली ठेवीना. मागच्या सीटवरच्या आजीनं विचारलं, "लेकरू हाय का जी?" (हशा)

माझ्या खिशात शंभर तिकिटांचं पुस्तक होतं. गुलाबी कागद, वीस रुपये. अकोल्यात जो भेटला तो म्हणाला, "भाऊ, दोन पासा असन त पाहा न." हॉल रिकामा दिसू नये म्हणून मी पासा वाटल्या. हो, मीच. हॉल भरला, टाळ्या कडाडल्या, 'वन्स मोअर' झाले. तिकिटं खपली अकरा. दोनशे वीस रुपये. हॉलचं भाडंही निघालं नाही. परतीच्या गाडीत दोघंही एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गिटारवाला मेडिकल स्टोअरवर लागला. उरलेली एकोणनव्वद तिकिटं माझ्या कपाटात आहेत.

अकोलेकरांना हसू नका. त्याआधी त्यांचा कार्यक्रम इथं केला होता, तेव्हा तिकिटं सातच खपली होती. (हशा)

(एक श्रोता : हे व्याख्यान तरी कुठं तिकिटावर आहे?)

बरोबर आहे तुमचं. पण व्याख्यानमालेच्या मागे देणगीदार उभे आहेत, सभासदांची वर्गणी आहे. त्या पोरांच्या मागे कोण होतं? एक लुगडं! सुरेश भट ज्या गावात जन्मले, तिथली माणसं गाण्यावर जीव टाकतात, हे मी जन्मभर पाहतोय. मग वीस रुपयांनाच हात का आखडतो?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणताहेत, घड्याळात दोनच दिसतात. सुरेश भटांवर बोलायचं राहिलं, वऱ्हाडी गाण्यांची चारपानी टिपणं तशीच राहिली. असू द्या.

येत्या रविवारी दोन मुली गाणार आहेत, गिटार आणि कीबोर्ड घेऊन. गाणी त्यांचीच. तिकीट शंभर रुपये. बाहेर चपलांच्या रॅकशेजारी टेबल मांडलंय, पुस्तक घेऊन मी तिथं बसतोय. पासा छापलेल्या नाहीत.