सकाळी सरकारी, संध्याकाळी खाजगी



माझ्या नावामागे 'डॉ.' आहे, पण ते पीएच.डी.चे, मला ताप उतरवता येत नाही. तेव्हा आज बोलतो आहे ते रुग्णाचा मुलगा म्हणून.

काही वर्षांपूर्वी गावाकडे वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातले सर्जन म्हणाले, "इथे वेळ लागेल, संध्याकाळी तिकडे या." आम्ही गेलो, पैसे मोजले, चौथ्या दिवशी ऑपरेशन झाले. उत्तम झाले. सकाळी रांगेत आमच्या पुढे एक शेतमजूर बसला होता, त्यालाही हर्नियाच होता. त्याचे पुढे काय झाले, आम्ही विचारले नाही.

सरकारी डॉक्टरांनी खाजगी प्रॅक्टिस करू नये म्हणून महाराष्ट्रात व्यवसायरोध भत्ता आहे. केंद्र सरकारही तो देते; २०१७ पासून मूळ वेतनाच्या २० टक्के. तरी भत्ता घेऊन संध्याकाळचा दवाखाना चालतो; पाटीवर नाव पत्नीचे किंवा भावाचे.

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये बंदीच नाही. १९४८ साली एनएचएस उभी करताना आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी तज्ज्ञ डॉक्टरांना सोबत घेण्यासाठी ही मुभा दिली. इंग्लंडमध्ये २००३च्या करारात एक अट आली: ज्या कन्सल्टंटला बाहेर काम करायचे आहे, त्याने आधी चार तासांचे एक जादा सत्र एनएचएसला देऊ करावे. आठवड्याचे कामही लेखी ठरते. म्हणून इथे सारे आलबेल आहे असे नाही. रांग लांबली की खाजगी दाराची किंमत वाढते, हे इथेही खरेच. पण निदान सरकारी तास कोणते, हे कागदावर असते.

डॉक्टरांना लोभी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या आहेत. नुसती बंदी आवळली तर आहेत तेही सोडून जातील. माझे म्हणणे एवढेच: बाहेर काम करण्यापेक्षा, रांग आणि खाजगी दार या दोन्हींच्या किल्ल्या एकाच हातात असणे घातक आहे. ओपीडीचे तास आणि शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी रुग्णालयाच्या दारावर लावा. सरकारी रुग्ण स्वतःच्या दवाखान्यात वळवायला सक्त मनाई करा.

आणि आपण? सुट्टीत घरी गेलो की ओळखीच्या डॉक्टरला फोन करून आपणही रांग चुकवतोच. पुढच्या वेळी रांगेत आपल्या पुढे कोण होते, एवढे तरी विचारू या.