परक्या शहरातील पंगत

परदेशी मित्राकडे उतरलेल्या मराठी गृहस्थास यजमानाने दुसऱ्याच सकाळी न्याहारीसाठी बाजारात नेले, तर घरच्या पाहुणचाराला फाटा मिळाला असे त्यास वाटावयाचेच. सिंगापुरात हा समज फार वेळ टिकत नाही. सेरंगून रस्त्यावरील टेक्का मंडईत एकीकडे मासळी व भाजीपाला, तर दुसरीकडे शिजलेल्या अन्नाची चिमुकली दुकाने. कचेरीस निघालेले कारकून, पिशव्या घेतलेल्या गृहिणी, म्हातारी माणसे तेथे घरच्यासारखी बसलेली असतात. तमिळ, चिनी, मलायी एकाच मेजाभोवती. आपल्या पराठ्याचा भाऊबंद ‘प्राटा’ तव्यावरून उतरताच रश्शात बुडवून खावा. चहा एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतून फेसाळ केलेला. तो फार गोड असतो, हे आधीच सांगितलेले बरे.

असले विक्रेते पूर्वी रस्त्याच्या कडेला गाडे लावीत. १९६८-६९ साली त्यांची नोंदणी झाली आणि १९८६ पर्यंत नळ व मोऱ्यांची सोय असलेल्या इमारतींत त्यांस हलविण्यात आले. २०२० साली युनेस्कोने या खाद्यपरंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

पाहुण्याची खरी परीक्षा जेवणानंतर होते. २०२१ पासून आपले उष्टे ताट आपणच उचलून ठेवण्याची तेथे सक्ती आहे. घरी जन्मात ताट न उचललेला गृहस्थ क्षणभर घुटमळतो, इकडेतिकडे पाहतो. यजमान तर आपले ताट घेऊन चालूही लागलेला असतो.