लक्ष्मीबाई टिळक : एक आई, दोन गोतावळे



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांसाठी ‘मराठी आई’ हा विषय ठरला, तेव्हा जिजाऊंपासून श्यामच्या आईपर्यंत अनेक नावे पुढे आली. आम्ही मात्र एका ख्रिस्ती आईविषयी बोलण्याची अनुज्ञा मागितली. काही मंडळींनी आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. म्हणून प्रथम त्याचे कारण सांगतो.

या जबलपुरात आपण मराठी माणसे आलो ती कोणी भोसल्यांच्या अमलाबरोबर, कोणी रेल्वेबरोबर, कोणी १९०४ साली सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीबरोबर, तर आमच्यासारखे कोणी केंद्र सरकारच्या बदलीच्या हुकुमाबरोबर. परमुलखात वाढलेल्या आपल्या मुलामुलींचे विवाह आता भाषा, जात आणि क्वचित धर्म यांच्याही सीमा ओलांडू लागले आहेत. अशा वेळी घरात वडील काय बोलतात ते शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जाते. आई काय करते ते बहुधा घरातल्यांनाही दिसत नाही. असे न दिसणारे काम आयुष्यभर करून, पुढे ते हसतहसत लिहून ठेवणारी एक आई मराठीत होऊन गेली. ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्यापुढे सारे घर हैराण. बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी, विद्वान, उदार, तसेच तापट आणि फिरस्ते. नोकरीसाठी ते राजनांदगावला, म्हणजे आपल्याच बाजूच्या मुलखात येत असताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. त्या वाचनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाली.

त्या दिवशी धर्म एकाने बदलला, पण संसार तिघांचा मोडला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. अपत्यवियोगाचे दुःख त्यांनी आधीच भोगले होते. हा एक मुलगा उरला होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पती जिवंत असूनही त्यांच्या नशिबी विधवेसारखे एकाकीपण आले. मूल बापाकडे गेले तर ते धर्माला अंतरणार आणि बापापासून तोडले तर ते पोरके होणार, असा तो पेच. आप्तांचे प्रेम खरे होते आणि त्यांचा धाकही खरा होता. याच हलाखीत, धड शुद्धलेखनही न येणाऱ्या या बाईंना कविता सुचू लागल्या.

येथे दोन गोष्टी आम्हांस फार मोलाच्या वाटतात. पहिली टिळकांची. काही वर्षांच्या विरहानंतर पत्नी नगरकडे परत आली, ती ख्रिस्ती होऊन नव्हे. तिचे सोवळे, तिची चूल, तिचे देव तिच्यापाशी होते आणि टिळकांनी त्यांवर सक्ती केली नाही. एरवी क्षणात संतापणाऱ्या या माणसाने येथे मात्र धीर धरला. दुसरी गोष्ट लक्ष्मीबाईंची. त्यांनी नवऱ्याच्या शब्दाखातर धर्म बदलला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला. ज्या दिवशी उत्तर मिळाले त्या दिवशी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला, आणि पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आणि त्यांच्या दीक्षेत पाच वर्षांचे अंतर आहे. त्या पाच वर्षांनीच ते घर वाचविले, असे आमचे मत आहे. घाई झाली असती तर एक ख्रिस्ती वाढला असता आणि एक संसार कायमचा गेला असता.

पुढे त्यांच्या मातृत्वाला पोटच्या मुलांची मर्यादा उरली नाही. दुष्काळाने उघड्यावर पडलेली मुले टिळकांनी घरी आणावीत आणि तुटपुंज्या मिळकतीत त्यांच्या ताटाची सोय लक्ष्मीबाईंनी करावी, हा जणू त्या घराचा नेमच झाला. ज्या मुलीला माहेरी स्पर्शाचे भय शिकविले होते, तिने प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा केली.

आणि जुने गोत? ते त्यांनी टाकले नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना याचे पानोपानी प्रत्यंतर येते. वडिलांचे सोवळे असो की नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, बाई सारे सांगतात, काही झाकत नाहीत; पण त्यात कोठे डूख नाही. नव्या धर्माचा मोठेपणा सांगण्यासाठी जुन्या घराची नालस्ती करावी लागते, असे त्यांना कधी वाटले नाही.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरे होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले. मुलाच्या संसारात त्या कराचीलाही राहिल्या. म्हणजे घरापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत त्यांचीही गणना करावयास हरकत नाही. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्या मागणीतून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. तिचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. ज्या मुलाच्या ओढाताणीत एके काळी त्यांचा जीव कासावीस झाला, त्याच मुलाच्या आग्रहाने मराठीला एक अजोड आत्मचरित्र मिळाले.

त्याच काळातील दुसऱ्या एका आईचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पंडिता रमाबाईंचा १८९६–९७ च्या दुष्काळाशी आणि म्हणून आपल्या भागाशी संबंध आला. जबलपूर ज्याचा भाग होते त्या मध्य प्रांतात येऊन त्यांनी निराधार मुली गोळा केल्या व आपल्या आश्रयाखाली नेल्या. या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे आपल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता. तेथील सिस्टर जेराल्डीन त्यांच्या उपकारकर्त्या. या मायलेकी त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पण आपल्याला न पटणारी धर्ममते मनोरमेला शिकविली जाऊ लागली, तेव्हा रमाबाईंनी याच आजीबाईंशी पत्रांतून वाद घातला. उपकार मान्य, प्रेम मान्य, परंतु मुलीच्या मनाचा ताबा अमान्य! लक्ष्मीबाईंना जुन्या धर्माच्या आप्तांत तोल सांभाळावा लागला, तर रमाबाईंना नव्या धर्माच्या आप्तांत. आईची कसोटी दोन्हीकडे सारखीच होती.

आता आपल्या घरांकडे वळू. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलीने मराठी ख्रिस्ती मुलाशी विवाह केला. वडिलांनी दोन वर्षे तिचे नाव घेतले नाही. आई भांडली नाही, रडली नाही. जाणारायेणाराबरोबर मेतकूट आणि गोडा मसाला मात्र पाठवीत राहिली. तिकडे मुलीच्या सासूबाईही मोठ्या जाणत्या. सुनेच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी स्वतः तिळगूळ केला आणि नाताळच्या करंज्यांचा डबा व्याह्यांकडे धाडला. त्या डब्यातली पहिली करंजी वडिलांनी कोणाचे लक्ष नाही असे पाहून खाल्ली, हे आम्हांला त्या माउलीनेच सांगितले! तिसऱ्या वर्षी नातवाच्या बारशाला आजोबा स्वतःहून निघाले. या दोन आयांपैकी एकीनेही आपला धर्म सोडला नव्हता, किंवा दुसरीला सोडावयास सांगितले नव्हते.

आम्ही धर्मशास्त्राचे जाणकार नाही. धर्मांतर करावे की न करावे, याचा निर्णय सांगण्याचा अधिकारही आमचा नाही. लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून आम्ही घेतलेला बोध इतकाच, की मतभेदाने घर मोडत नाही. आजच्या आज उत्तर दे, या हट्टाने ते मोडते. मुलाला ‘त्यांचा की आमचा’ असे विचारणे हा त्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय होय. आई तो प्रश्न विचारीत नाही आणि दुसऱ्यालाही विचारू देत नाही.

तेव्हा मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी आमची एकच विनंती आहे. ज्या मुलीचा, ज्या मुलाचा विवाह आपल्या रीतीबाहेर झाला असेल, त्यांना गणेशोत्सवाचे व कोजागिरीचे निमंत्रण चुकवू नका. आणि मंडळातील ख्रिस्ती मराठी कुटुंबांच्या घरी नाताळच्या फराळाला आवर्जून जा. येणे न येणे त्यांच्या मनावर सोडा, पण आपले बोलावणे खंडू देऊ नका.