फोडणीचा भात, आपल्याही ताटात



गटाची बैठक उरकून, हप्त्यांच्या नोंदी करून मी घरी पोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात. पोरं दारातच विचारतात, "आई, आज काय?" अशा वेळी आपल्या मदतीला धावून येतो तो फोडणीचा भात.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? खरं आहे. पण आपण घाईत करतो तो भात म्हणजे नुसता कांदा, मिरची आणि हळद. पोट भरतं, पण अंगी फारसं लागत नाही. आणि सगळ्यांना वाढून झालं की आपल्या वाट्याला कढईची खरवड येते.

मागं आमच्या गटातल्या बायकांचं रक्त तपासलं. बऱ्याच जणींचं कमी निघालं, त्यात मीही होते. दुसऱ्यांना आहार सांगत फिरणारी मी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हेच दिसलं. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना तेव्हा रक्तक्षय होता. तेव्हापासून मी हा भात बदलला.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी वाटीभर मटकी भिजत घालते, रात्री फडक्यात बांधते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत छान मोड येतात. पाच माणसांना दोन वाट्या तांदूळ पुरतात. आल्याबरोबर भात मोकळा शिजवून परातीत पसरते, म्हणजे गोळा होत नाही. तो निवतो तोवर तीन कांदे, मिरच्या, लसूण आणि घरात असेल ती भाजी चिरून होते. कोबी, गाजर, मूठभर शेवग्याचा पाला, काहीही चालतं.

लोखंडी कढईत दोन पळ्या तेल तापवायचं. आधी मूठभर शेंगदाणे खरपूस तळायचे. मग मोहरी, जिरं, कढीपत्ता, लसूण, मिरची आणि कांदा. हळद घालून मटकी टाकायची, मीठ आणि पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. मटकी बोटचेपी झाली की भाजी घालून परतायची. मग सगळं कडेला सारून मध्ये चार अंडी फोडायची आणि घट्ट झाली की मोडायची. अंडी खात नसाल तर सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून घाला. आता भात घाला, जाळ मोठा करा आणि उलथन्यानं खालून वर परता. कढईतून काढल्यावरच लिंबू पिळा, नाहीतर लोखंडात आंबट काळं पडतं. लिंबानं मटकीतलं, पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात फोडणीला घालू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. त्यात होणारं विष पुन्हा तापवूनही जात नाही, आणि प्रत्येक वेळी वास येतोच असं नाही. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच भात शिजवा.

भातानं रक्तक्षय बरा होतो असं मी म्हणत नाही. दम लागत असेल, चक्कर येत असेल तर आशाताईंना सांगा, रक्त तपासून घ्या, गोळ्या दिल्या तर त्या घ्या. पण रोजचं ताट आपल्या हातात आहे.

आता मी वाढायला घेताना पाचही ताटं एकदम मांडते आणि अंडं, मटकी सगळ्यांना सारखी वाटते. पहिल्या दिवशी सासूबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही गं." आता त्याच माझं ताट आधी मांडतात.

पुढच्या बैठकीत मी प्रत्येकीला विचारणार आहे, तुझ्या ताटात काय आलं? उत्तर तयार ठेवा.