कुंपणावरचं विष ओळखू या

आज आम्ही बोलणार आहोत आपल्या दारातल्या तीन झाडांबद्दल : चंद्रज्योत, कण्हेर आणि बिट्टी. चंद्रज्योतीला कुणी मोगली एरंड म्हणतं, तर बिट्टीला पिवळी कण्हेर.

पारनेर, पाथर्डी, कर्जतकडच्या हलक्या रानात पाणी कमी. तिथं ही झाडं जगतात आणि शेळ्या सहसा त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून आपण त्यांचं कुंपण करतो. चंद्रज्योत मूळची मध्य अमेरिकेतली. तिच्या बियांच्या तेलापासून डिझेल करावं, अशी शिफारस २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं केली होती. तेव्हा ठिकठिकाणी तिची लागवड झाली. पण जनावर जे टाळतं, ते लेकरू टाळत नाही. चंद्रज्योतीचं बी चवीला शेंगदाण्यासारखं लागतं. एकानं खाल्लं की बाकीचीही खातात. म्हणून शाळेतली पाच-दहा पोरं एकदमच आजारी पडतात.

हे बी पोटात गेलं की थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. अंगातलं पाणी कमी होऊन मूल मलूल पडतं. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात.

बिट्टी आणि कण्हेरीचं विष मात्र हृदयावर जातं. पान, फूल, बी, मूळ, चीक, सगळंच विषारी. मूल सुरुवातीला बरं दिसतं, पण नंतर ठोके बिघडू शकतात. म्हणून 'आता खेळतंय की' म्हणून घरी थांबायचं नाही. दवाखान्यात ईसीजी काढून लक्ष ठेवावं लागतं.

असं झालं तर काय करायचं? तोंडातलं उरलेलं बी काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करायला लावू नका. मिठाचं पाणी लेकराच्या जिवावर बेतू शकतं आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध, तूप, लिंबू यांत वेळ घालवू नका. गुंगी आली असेल तर तोंडातून काहीच देऊ नका, एका कुशीवर निजवा. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सोबत त्या झाडाची फांदी किंवा बी न्या. किती खाल्लं, कधी खाल्लं आणि आणखी कुणी खाल्लं, हे डॉक्टरांना सांगा. चीक डोळ्यात गेला असेल तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळा धुवा आणि दवाखान्यात दाखवा.

आता रोजच्या सवयी. कण्हेर छाटली तर फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. वाळलेलं पानही गाई-शेळ्यांना मारतं. तिची काटकी चुलीत घालू नका, धूर बाधतो. तिचं दातवणही करू नका. चंद्रज्योतीच्या बिया घरात शेंगांच्या पोत्याशेजारी ठेवू नका. पोरं चंद्रज्योतीच्या चिकाचे फुगे उडवतात, बिट्टीच्या बिया खेळायला घेतात. त्यांना रागावून भागणार नाही. झाड दाखवून, नाव सांगून, 'हे तोंडात घालायचं नाही' असं समजवा.

देवाला कण्हेरीचं फूल वाहायला कुणाची ना नाही. फूल वाहा आणि हात धुवा. पण अंगणवाडी आणि शाळेच्या आवारात ही झाडं नकोत. येत्या बैठकीत आपल्या गटानं हा विषय घ्यावा. दोघी-तिघींनी आवार फिरून पाहावं आणि झाडं काढण्यासाठी ग्रामसभेत अर्ज द्यावा. त्या जागी मेंदी लावता येईल. तीही कमी पाण्यावर तग धरते आणि सणावाराला पोरींच्या हातावर रंगते.